दोरीत किती किलो? हायदेंग यांच्या दोन बोटांचं प्रकरण

क्लिप पाठवली ती आमच्या क्लाइंबिंग वॉलवर येणाऱ्या चौदा वर्षांच्या एका मुलाने, रात्री साडेदहाला. जुनं, कणीदार चित्रण. किडकिडीत अंगाचा म्हातारा भिक्खू, डोकं खाली, पाय वर, आणि जमिनीला टेकलेली फक्त दोन बोटं. खाली प्रश्न: ‘सर, हे खरंय का फेक?’

मी लिहिलं, ‘झोप आता.’

मग मीच बारा वाजेपर्यंत ती क्लिप मागेपुढे करत बसलो. वीस वर्षं मुलांना बोटांनी लोंबकळायला शिकवतोय, त्यामुळे असलं काही दिसलं की माझी नजर आधी नखांकडे जाते. वजन खरंच पडत असेल तर नखाखालचं रक्त सरकतं, टोकाशी पांढरा पट्टा उमटतो. या चित्रणात नखं दिसतच नाहीत. दिसतो तो नुसता आकार. म्हणून ‘खरं की खोटं’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला: त्या क्षणी त्या बोटांतून किती किलो जमिनीत जात होते?

भिक्खूंचं नाव हायदेंग, म्हणजे सागरदीप. जन्म 1902 चा, सिचुआन प्रांतातल्या जियांगयोऊचा. ली पो या जुन्या चिनी कवीचं बालपण जिथे गेलं असं सांगतात, तोच हा मुलूख. ध्यान करणारा, कविता लिहिणारा, मुष्टिकला जाणणारा हा संन्यासी ऐंशीच्या घरात पोचल्यावर एकाएकी चीनभर गाजला, तो या एका आसनामुळे. चिनीत त्याला म्हणतात अर-झी-चान, दोन बोटांचं ध्यान. ‘चान’ हा शब्द आपल्याच ‘ध्याना’चा मुलगा, तोच पुढे जपानमध्ये ‘झेन’ झाला.

हे सगळं नेमकं तेव्हाच का घडलं, ते पाहायला हवं. 1928 मध्ये शी योऊसान या लष्करी सरदाराने हेनान प्रांतातला शाओलिन मठ जाळला होता, कुंगफूसाठी प्रसिद्ध, आणि हायदेंग यांचं नाव ज्याच्याशी जोडलं जातं तो. सांस्कृतिक क्रांतीच्या दहा वर्षांत मठ कुठलाही असो, हालच झाले. मग 1982 साली जेट ली यांचा शाओलिनवरचा सिनेमा आला आणि मुलं घरं सोडून मठाच्या दारात येऊन उभी राहू लागली. दुसऱ्या बाजूला चीनमध्ये ‘छीगोंग’ची, म्हणजे श्वास आणि प्राणशक्तीच्या साधनेची लाट होती. मार्च 1979 मध्ये ‘सिचुआन डेली’ने एका मुलाची बातमी छापली, तो म्हणे कानाने अक्षरं वाचतो. बातमी देशभर गेली आणि तसली मुलं गावोगाव निघाली. हायदेंग याच सिचुआनचे. लोकांना चमत्कार हवा होता, कॅमेरा नुकताच हाती आला होता आणि समोर एक कृश, शांत, देखणा म्हातारा होता. चित्रण झालं, त्यांच्यावर टीव्ही मालिकाही निघाली.

(आपल्याकडे हा विषय निघाला की कुणीतरी ‘कुंगफू आपल्या बोधिधर्माने नेला’ म्हणतोच. शाओलिनच्या व्यायामाचं श्रेय बोधिधर्माला देणारा मूळ ग्रंथ सतराव्या शतकातला आहे, त्याच्या प्रस्तावना बनावट आहेत, आणि तांग हाओ या चिनी इतिहासकाराने 1930 सालीच या कथेतली हवा काढली होती. बोधिधर्म भारतातून गेला असेल, पण बोटांचे जोर त्याच्या नावावर नकोत.)

मठातल्या सरावात बोटांना खरंच मोठं स्थान आहे. जिन जिंगजोंग यांनी 1934 साली शाओलिनच्या 72 कलांचं पुस्तक काढलं, त्यातली पहिलीच कला एका बोटाची, ‘वज्रबोट’. कृती फार साधी: येताजाता भिंतीवर, झाडावर बोट टोचत राहायचं, आधी हळू, मग जोरात, रोज, तीन वर्षं. गरुडाच्या पंजाच्या कलेत लहान तोंडाचं मडकं पाचही बोटांनी काठाला धरून उचलायचं आणि आत हळूहळू भर टाकत जायची. मला हे वाचताना हसू आलं, कारण आमच्या वॉलच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्याला हुक लावून त्याखाली वजनाच्या चकत्या अडकवलेल्या आहेत. आठवड्याला एखादा किलो वाढवतो. मडकं आणि ठोकळा, फरक तो काय.

पण त्याच पुस्तकात पुढे टांगलेल्या वजनावर बोट रोखायचं, मग बोट न लावता ते हलवायचं, आणि शेवटी दुरूनच दिव्याची ज्योत विझवायची, असंही येतं. मडक्यापर्यंतचा भाग कुठल्याही प्रशिक्षकाला पटेल. ज्योतीचा भाग मी सोडून देतो. पंचाईत अशी की दोन्ही एकाच सुरात, एकाच शाईत लिहिलेलं आहे, मध्ये कुठेही ‘इथून पुढे गोष्ट’ अशी पाटी नाही. हायदेंग यांच्या क्लिपचंही नेमकं तसंच आहे.

आधी बोट म्हणजे काय

बोटात ताकदीचा स्नायू नसतोच. बोट मिटवणारे दोन मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात आणि त्यांच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटातून बोटांच्या हाडांपर्यंत जातात. हाडाजवळून दोरी सुटू नये म्हणून वाटेत छोट्या कड्या असतात, आम्ही त्यांना पुली म्हणतो. क्लाइंबरच्या बोटातून ‘टक्’ असा आवाज येतो तेव्हा बहुधा यातली एक पुली गेलेली असते. आवाज मित्रालाही ऐकू जातो.

लोंबकळणं आणि बोटावर उभं राहणं यांत मात्र फरक आहे. लोंबकळताना भार ओढीचा, तो टेंडन आणि पुली घेतात. बोट जमिनीला टेकवून वर उभं राहिलं की भार दाबाचा. बोट जवळपास सरळ आणि ताठ ठेवलं तर बराचसा दाब हाडांवरून हाडांवर खाली उतरतो, खांब रचल्यासारखा. शेवटचं पेर थोडं मागे वाकतं आणि सांध्याच्या तळव्याकडच्या जाड पडद्यावर टेकून अडकतं. स्नायूंचं काम उरतं ते खांब बाजूला निसटू न देण्याचं. म्हणजे दिसायला बोटावर उभं राहणं भयंकर, पण एका बोटाने लोंबकळण्यापेक्षा ते काही बाबतींत सोपं. हे ऐकून लोक नाराज होतात.

आता हिशेब. भिक्खू बारीक होते, समजा 56 किलो. दोन बोटांवर सारखं वाटलं तर प्रत्येकी 28. हे तोंडात बोट घालण्याइतकं आहे का? जोर काढताना, हात सरळ असताना, अंगाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग हातांवर असतो. खाली गेल्यावर आणखी जास्त. 60 किलोच्या माणसाने एका हाताच्या एकाच बोटावर जोर काढले तर त्या एका बोटावर 40 किलो आले. असे जोर काढणारी माणसं आहेत. डिसेंबर 2011 मध्ये बीजिंगला शिये ग्वेइजोंग यांनी एकाच बोटावर 30 सेकंदांत 41 जोर काढून गिनेसमध्ये नोंद केली. ब्रूस ली यांनी 1964 साली कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कराटे स्पर्धेत एका हाताच्या अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच जोर काढून दाखवले होते. ओढीच्या बाजूला वोल्फगांग ग्युलिश हा जर्मन क्लाइंबर आहे. 1991 मध्ये त्याने ‘अॅक्शन डायरेक्ट’ नावाची चढाई केली, तिच्यात खडकाच्या एक-दोन बोटांपुरत्या भोकांवर अख्खं अंग उसळवावं लागतं.

तेव्हा 28 किलो हा आकडा माणसाच्या बोटाबाहेरचा नाही. ‘अशक्य आहे’ म्हणून क्लिप उडवून लावणाऱ्यांचं बोलणं इथे संपतं. पण बाजू घेणाऱ्यांची खरी अडचण इथूनच सुरू होते, कारण अवघड आहे ते वजन नव्हे, तोल.

हातांवर उलटं उभं राहिलेल्या माणसाकडे नीट बघा. तो स्थिर दिसतो, पण त्याचा पंजा सतत काम करत असतो. अंग पुढे झुकलं की बोटं जमिनीत रुततात, मागे झुकलं की तळव्याची टाच दाबते. तळव्याची ही वीतभर लांबीच त्याला वाचवते. दोन बोटांच्या टोकांवर उभं राहिलं की ती लांबी गेली. दोन ठिपके जोडले की रेघ मिळते, आणि रेघेवर उभ्या वस्तूला पुढे-मागे पडण्यापासून वाचवणारं काही उरत नाही. नाण्याला कडेवर उभं करण्यातला खेळ, फक्त नाणं साडेपाच फुटांचं. म्हणून बोटावर उभं राहण्याची जवळपास सगळी प्रात्यक्षिकं कशाच्या तरी आधाराने होतात. बहुतेक वेळा पाय भिंतीला टेकलेले असतात.

भिंत मी मान्य करतो. हायदेंग प्रकरणातला वाद मात्र भिंतीचा नव्हता, दोरीचा होता.

भिंत आणि दोरी

जिंग योंगशियांग या सिचुआनच्या पत्रकाराने 1980 च्या दशकाच्या शेवटी हायदेंग यांच्या कीर्तीवर उघड शंका घेतल्या. त्यांच्या शाओलिनमधल्या वास्तव्यापासून चरित्रातल्या बऱ्याच गोष्टींवर बोट ठेवलं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो एकच मुद्दा: चित्रणाच्या वेळी पायांना दोरी बांधून वरून आधार दिला होता. बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं की म्हातारा माणूस ऐंशीच्या पुढचा, पडला तर मान मोडेल, दोरी सुरक्षेसाठी.

दोन्ही म्हणणी एकाच दोरीबद्दल आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात, ही यातली गंमत. भिंत फक्त तोल देते. पाय तिला हलके टेकलेले असतील तर जवळपास सगळं वजन बोटांवरच राहतं. दोरी तशी नाही. सैल असेल तर ती भिंतीपेक्षाही निरुपद्रवी, कारण तिचा उपयोग फक्त पडल्यावर. ताणलेली असेल तर ताण जेवढा, तेवढं वजन बोटांवरून कमी. 56 किलोच्या माणसाला 40 किलोने वर धरलं तर प्रत्येक बोटावर उरले 8. आठ किलो माझी आईसुद्धा बोटावर घेईल, भाजीची पिशवी रोज घेतेच.

हे तोंडी सांगून त्या मुलाला पटेना. ‘ताणलेली असेल तर दिसेलच ना सर.’ मग रविवारी वॉल बंद झाल्यावर आम्ही करून पाहिलं. बोटांवर नव्हे, पूर्ण तळव्यांवर, आणि उलटा मी झालो, तो नाही. न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर जाड फळी ठेवली, फळीवर माझे हात. माझं वजन 68. पाय भिंतीला टेकवून उभा राहिलो तर काटा 66 आणि 67 च्या मध्ये थरथरत होता. नंतर भिंतीपासून दूर, घोट्यांना पट्टा, पट्ट्याला दोरी, आणि दोरीत प्रवासाची बॅग मोजायचा हुकवाला डिजिटल काटा. दोरी वरच्या कडीतून नेऊन दुसरं टोक माझ्या मित्राच्या हातात. मुलगा मोबाईलवर चित्रण करत होता.

पहिल्या वेळी हुकाच्या काट्यावर 3 किलो आले, खालचा 65 दाखवत होता. दुसऱ्या वेळी मित्राने अंगच टाकलं: वर 30, खाली 38. मला फरक इतका जाणवला की खांदे सुटल्यासारखे झाले, मी उलटा असतानाच हसलो. पण मोबाईलवरच्या दोन्ही चित्रणांत दोरी तितकीच सरळ! दोन-तीन किलोंतच दोरीचा झोळ जातो आणि ती पट्टीसारखी दिसायला लागते. त्यानंतर कितीही ओढा, डोळ्याला काही कळत नाही. आमच्या ग्रुपवर दोन्ही क्लिप टाकल्या आणि कुठल्या क्लिपमध्ये जास्त ओढलंय ते विचारलं. बहुतेकांनी चुकीची निवडली. पहिल्या क्लिपमध्ये माझा चेहरा जास्त लाल होता, म्हणून त्यांना वाटलं तिथेच जास्त ओढलंय. खरं तर अवघड तीच होती, पण त्यांनी उलटा अर्थ लावला होता: लाल चेहरा म्हणजे नाटक.

चित्रणाची पुरावा म्हणून किंमत किती, हे मला त्या रविवारी कळलं. दोरी दिसली म्हणून भोंदूगिरी सिद्ध होत नाही. दोरी आहे म्हटल्यावर पराक्रमही सिद्ध होत नाही. पुरावा द्यायचा होता तर दोरीऐवजी दोन माणसं हात पसरून बाजूला उभी करायची होती, जशी प्रत्येक जिम्नॅस्टिक्सच्या हॉलमध्ये असतात. अंगाला न लागणारे हात. एवढी साधी गोष्ट चित्रीकरणाच्या जागी कुणाला सुचली नसेल असं मला वाटत नाही. सुचली असेल, आणि चौकटीत दोन माणसं वाईट दिसतात म्हणून सोडली असेल. हा माझा अंदाज, पण कॅमेऱ्यासमोर दोन दिवस काढलेला कुणीही तो करेल.

कोर्टात काय मोजलं गेलं

जानेवारी 1989 मध्ये हायदेंग वारले. त्यांचे शिष्य आणि दत्तक पुत्र फान यिंगलियेन यांनी जिंग यांच्यावर चेंगदूच्या न्यायालयात बदनामीचा दावा लावला. प्रश्न उभा राहिला तो बोटांचा नव्हे: मेलेल्या माणसाला अब्रू असते का, आणि असली तर तिच्यासाठी कोर्टात कोण जाऊ शकतं? चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 1990 मध्ये उत्तर दिलं की मृत्यूनंतरही हायदेंग यांच्या नावलौकिकाला कायद्याचं संरक्षण आहे आणि दत्तक मुलगा दावा लावू शकतो. हे उत्तर चीनमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना अजून शिकवतात. खटला पुढे वर्षानुवर्षं रेंगाळला आणि शेवटी सिचुआनच्या उच्च न्यायालयात फान यांच्या बाजूने लागला.

पत्रकार हरला म्हणून आसन खरं ठरलं, असा अर्थ भक्तांनी काढला. मला तो पटत नाही. बदनामीच्या खटल्यात लिहिलेल्या शब्दांनी एखाद्याच्या नावाला किती धक्का लागला ते तोलतात. दोरीत हुकाचा काटा कुणी अडकवत नाही. आणि उलट बाजूने, निकाल राजकीय असणार म्हणून म्हातारा ढोंगीच, हेही तितकंच आळशी. रोज पहाटे उठून पन्नास-साठ वर्षं अंग राबवलेल्या माणसाची बोटं ऐंशीव्या वर्षी कशी असतील, याची मला चांगली कल्पना आहे: हाड जाड, कातडी सालीसारखी, पेरं फुगलेली. चाळिशीतल्या क्लाइंबरच्या एक्स-रेमध्येही हाडाची भिंत जाडावलेली दिसते. त्या बोटांनी तरुणपणी काय केलं असेल, ते एका दोरीच्या चित्रणावरून पुसता येत नाही आणि सिद्धही करता येत नाही.

शाओलिनमध्ये मला जास्त विश्वासार्ह वाटणारा पुरावा बोटांचा नाहीच, पायांचा आहे. तिथल्या सहस्रबुद्ध सभागृहाच्या विटांच्या फरशीत 48 खळगे आहेत, ओळीने, पाय आपटून आपटून झिजलेले. कुणा एकाचं नाव त्याला नाही, कॅमेरा नाही, दोरी नाही. आवारातल्या जुन्या गिंको झाडांच्या बुंध्यांवर मात्र छोटी भोकं आहेत. ती भिक्खूंच्या बोटांची म्हणून दाखवतात आणि येणारा प्रत्येक पर्यटक त्यात आपलं बोट घालून फोटो काढतो. इतकी बोटं गेल्यावर आता ती भोकं कशाने पडली ते झाडालाही सांगता येणार नाही.

मुलाला मी एवढं सगळं सांगितलं नाही. त्याला सांगितली ती एकच गोष्ट, कारण त्याचे डोळे सारखे फळीकडे जात होते. तेरा ते पंधरा या वयात बोटाच्या हाडात वाढीची चकती अजून मऊ असते, आणि जास्त भाराने तिला चीर जाते, बहुतेकदा मधल्या बोटाच्या मधल्या पेरात. दुखणं इतकं हळू सुरू होतं की मुलं दोन-दोन महिने सांगत नाहीत. बोट वाकडं वाढू शकतं. स्नायू सहा आठवड्यांत जोर धरतात, टेंडन आणि हाडाला वर्षं लागतात. त्या पुस्तकातली ‘तीन वर्षं’ मला म्हणूनच अतिशयोक्ती वाटत नाही. सतरा पूर्ण होईपर्यंत बोटांच्या टोकांवर जोर नाहीत, हा आमच्या वॉलचा नियम आहे.

त्याने मान हलवली. मग हुकाचा काटा हातात घेऊन तो शून्यावर आणला, पुन्हा दोरीला अडकवला आणि विचारलं, ‘सर, त्यांच्या वेळी स्प्रिंगचे काटे होते ना?’

होते, म्हटलं. चीनमध्येही.